दुहेरी शक्तीची मोटार : नित्याच्या खर्चाचा विचार

मोटार विकत घेताना सामान्य कुटुंब तिची किंमत पाहते, कर्जाचा हप्ता पाहते आणि एका लिटरमध्ये ती किती किलोमीटर धावते हे विचारते. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या बाबतीत एवढी चौकशी बहुधा पुरेशी ठरते. तथापि पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणाऱ्या व घरच्या प्लगवर चार्ज करता येणाऱ्या मोटारीच्या बाबतीत, म्हणजेच 'प्लग-इन हायब्रीड' मोटारीच्या बाबतीत, या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही. तीच मोटार एका घरी किलोमीटरमागे सुमारे पावणेतीन रुपयांत चालते आणि शेजारच्या घरी तिला सुमारे पावणेसात रुपये लागतात. हा फरक मोटारीच्या बांधणीत नसून ती रात्री जेथे उभी राहते त्या जागेत असतो. तो कसा पडतो, हे समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्रणेचे स्वरूप

साध्या हायब्रीड मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही साधने असतात. परंतु तिची बॅटरी लहान असते. ब्रेक लावताना एरव्ही उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती व इंजिनाची जादा शक्ती यांवरच ती चार्ज होते. अशा मोटारीला बाहेरून वीज देण्याची सोय नसते आणि आवश्यकताही नसते. प्लग-इन हायब्रीडमध्ये बॅटरी बरीच मोठी असून ती भिंतीवरील प्लगमधून चार्ज केली जाते. एकदा पूर्ण चार्ज केल्यावर मोटार सर्वसाधारणपणे चाळीस ते साठ किलोमीटर केवळ विजेवर धावते. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप कामाला लागते. केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारीप्रमाणे वाटेत अडकून पडण्याची भीती येथे नसते. मात्र बॅटरी उतरल्यानंतर तिचे सारे वजन इंजिनालाच ओढावे लागते, हे विसरून चालणार नाही.

चीनमधील बीवायडी कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये या प्रकारची पहिली मोठ्या प्रमाणावर उत्पादित होणारी मोटार बाजारात आणली. अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट २०१० च्या अखेरीस आली. भारतात मात्र या मोटारी आजवर श्रीमंतांच्याच राहिल्या. व्होल्वो कंपनीने २०१६ साली येथे आणलेल्या अशा मोटारीची किंमत सव्वा कोटी रुपयांच्या घरात होती. करपद्धतीचाही यात वाटा आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा मोठ्या हायब्रीड मोटारींवर उपकरासह ४३ टक्के भार पडला; सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. याउलट केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच कर आहे.

ही कल्पना सामान्य मोटारधारकाच्या आवाक्यात आणण्याचा एक लक्षणीय प्रयत्न पुण्यात झाला. केपीआयटी कमिन्स या पुण्याच्या कंपनीने भारत फोर्जच्या सहकार्याने २०१० साली 'रेव्होलो' नावाचा संच जाहीर केला. रस्त्यावर धावत असलेल्या जुन्याच मोटारीला विजेची मोटर व बॅटरी जोडून तिचे प्लग-इन हायब्रीडमध्ये रूपांतर करावयाचे, अशी ती योजना होती. पेट्रोलचा वापर चाळीस टक्क्यांहून अधिक सुधारेल, असे कंपनीचे म्हणणे होते. आणि संचाची अपेक्षित किंमत सुमारे पासष्ट हजार ते दीड लाख रुपये सांगण्यात आली होती. चालू मोटारीत असा बदल करण्याविषयीचे केंद्रीय नियम २०१६ साली निघाले. तोवर सहा वर्षे उलटली होती. हा संच सामान्य ग्राहकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर पोहोचला नाही, ही खेदाची गोष्ट होय. कारण आपल्याकडील रोजच्या लहान लहान फेऱ्यांना तो चांगला मानवला असता.

शिवाजी नगरातील हिशोब

उदाहरणादाखल भोपाळ येथील शिवाजी नगर ही वसाहत घेऊ. १९५६ साली राज्य पुनर्रचना होऊन भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. तत्पूर्वी नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असल्याने तेथील अनेक कर्मचारी, त्यांत कित्येक मराठी कुटुंबे, भोपाळला आली. नव्या राजधानीत कर्मचाऱ्यांसाठी जी शासकीय निवासस्थाने उभी राहिली, त्यांपैकीच एक वसाहत शिवाजी नगर होय. अरेरा हिल्सवरील वल्लभ भवन व महाराणा प्रताप नगरातील कचेऱ्या येथून जवळच आहेत. अर्थात येथील कुटुंबाचा रोजचा प्रवास थोडा. परंतु सुटीत बैतूल-मुलताईच्या मार्गाने नागपूरला नातेवाइकांकडे जाणे ठरलेले. रोजचे जवळचे अंतर आणि अधूनमधून लांबचा पल्ला, अशी ही विभागणी प्लग-इन हायब्रीडची परीक्षा पाहण्यास योग्य आहे.

असे समजू की कार्यालय, शाळा व बाजार मिळून मोटार रोज २४ किलोमीटर चालते आणि वर्षातील ३०० दिवस चालते. शहरातील प्रवास ७,२०० किलोमीटर झाला. नागपूरच्या तीन फेऱ्या व इतर बाहेरगावचा प्रवास मिळून २,८०० किलोमीटर धरले, म्हणजे वर्षाचे १०,००० किलोमीटर होतात. पेट्रोलचा भाव लिटरला १०५ रुपये व घरगुती विजेचा सर्व आकारांसह युनिटला ८ रुपये धरला आहे. वाचकांनी येथे आपल्या गावचे दर घालून हाच हिशोब पुन्हा करावा.

मध्यम आकाराची पेट्रोल मोटार लिटरला सरासरी १४ किलोमीटर चालली, तर वर्षाला ७१४ लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे ७५,००० रुपये लागतात. त्याच आकाराची साधी हायब्रीड लिटरला २० किलोमीटर चालली, तर ५०० लिटर, म्हणजे ५२,५०० रुपये लागतात.

आता प्लग-इन हायब्रीड घेऊ. ती एका युनिटमध्ये साधारण ५ किलोमीटर चालते. ती रोज रात्री प्लगला जोडली, तर शहरातील ७,२०० किलोमीटरसाठी १,४४० युनिटे, म्हणजे ११,५२० रुपये लागतील. बाहेरगावच्या प्रवासात लिटरला १८ किलोमीटर धरल्यास सुमारे १६,३०० रुपयांचे पेट्रोल लागेल. एकूण खर्च सुमारे २७,८५० रुपये. पेट्रोल मोटारीच्या तुलनेने वर्षाला ४७,००० रुपयांहून अधिक बचत झाली.

तीच मोटार एकदाही प्लगला जोडली नाही, तर काय होईल? जड बॅटरी वाहत ती शहरात लिटरला १५ किलोमीटर चालली असे धरल्यास शहरातील प्रवासालाच ४८० लिटर, म्हणजे ५०,४०० रुपये लागतील. बाहेरगावचे पेट्रोल मिळवून बेरीज सुमारे ६६,७०० होते. म्हणजे तिच्याहून स्वस्तात मिळणाऱ्या साध्या हायब्रीडपेक्षाही चौदा हजारांनी अधिक! सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर युनिटला २० रुपये मोजावे लागल्यास किलोमीटरला ४ रुपये पडतात. घरी हाच खर्च १ रुपया ६० पैसे आहे. सारांश, घरच्या प्लगवाचून या मोटारीचे गणित जमत नाही.

प्लग कोठून आणावयाचा?

रोजच्या २४ किलोमीटरसाठी सुमारे पाच युनिटे लागतात. साध्या प्लगमधून मोटारीने तासाला सव्वादोन युनिटे घेतली, तरी दोन-सव्वादोन तासांत काम होते. दोन किलोवॅटचा गिझर तेवढा वेळ चालू ठेवण्यासारखेच हे आहे. मात्र गिझर दोन-सव्वादोन तास चालू राहत नाही, आणि जुन्या वायरिंगला अशा सलग भाराची सवय नसते. यास्तव मोटारीसाठी मीटरजवळून स्वतंत्र जाड वायर, चांगले अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण ही व्यवस्था आधी करून घ्यावी. पावसाचे पाणी न पोहोचेल अशा झाकणाचा प्लग बसवावा. खिडकीतून एक्स्टेन्शन वायर खाली सोडून रात्रभर मोटार चार्ज करणे धोक्याचे आहे. जोड तापून आग लागते ती याच पद्धतीमुळे.

तळमजल्यावर राहणाऱ्या व अंगणात मोटार उभी करणाऱ्या कुटुंबाला हे सोपे आहे. वरच्या मजल्यावरील रहिवाशाला तसे नाही. शासकीय निवासस्थानात वायरिंगमध्ये बदल करणे रहिवाशाच्या मर्जीवर नसते. देखभाल करणाऱ्या विभागाची संमती लागते, आणि बदली झाली की स्वखर्चाने बसविलेला प्लग मागेच राहतो. खाजगी इमारतीत सोसायटीची परवानगी आणि सामाईक मीटरचा प्रश्न येतो. म्हणून मोटारीची नोंदणी करण्यापूर्वी प्लगची परवानगी हाती असावी. घराचा मंजूर वीजभार अपुरा असल्यास तो वाढवून घेण्याचा अर्जही त्याच वेळी वीज वितरण कंपनीकडे द्यावा.

वीजबिलाबद्दल एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोटारीची महिन्याला १२० युनिटे घराच्या वापरावर चढतात. आणि घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने ही युनिटे सरासरी दराने न पडता वरच्या टप्प्याच्या दराने पडतात. मध्य प्रदेशात मासिक १५० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी सवलतीची योजना आहे. काटकसरीने त्या मर्यादेत राहणारे एखादे घर मोटारीमुळे मर्यादेबाहेर गेले, तर गमावलेली सवलतही मोटारीच्याच खर्चात धरली पाहिजे.

देखभाल

या मोटारीत दोन यंत्रे असल्याने देखभालही दुहेरी असते. इंजिन महिनोन्महिने चालले नाही तरी त्यातील तेल जुने होतेच. ते कंपनीने ठरविलेल्या मुदतीत बदलावे लागते. टाकीतील पेट्रोलही पडून राहिल्याने बिघडते. व्होल्टमध्ये तर पेट्रोल फार जुने झाल्यास ते संपविण्यासाठी इंजिन आपोआप चालू होण्याची योजना होती. आपल्याकडील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. तेव्हा भरलेले पेट्रोल काही महिन्यांत वापरून टाकणे हिताचे. वाहन विजेवर कितीही धावत असले, तरी इंजिन असल्यामुळे प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र घ्यावेच लागते.

ब्रेकचे पॅड मात्र अधिक काळ टिकतात, कारण वेग कमी करण्याचे बरेचसे काम विजेची मोटरच करते. उलटपक्षी वजनामुळे टायर लवकर झिजतात. विम्याचा हप्ता मोटारीच्या किमतीवर ठरत असल्याने तोही चढाच असतो. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात. जुनी मोटार घेणाऱ्याने या हमीची किती वर्षे उरली आहेत आणि पूर्ण चार्ज केल्यावर ती प्रत्यक्ष किती किलोमीटर धावते, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. भोपाळात मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो. पूर्ण चार्ज केलेली मोटार अशा उन्हात दिवसभर उभी ठेवल्यास बॅटरीचे आयुष्य घटते. वातानुकूलनाला लागणारी वीजही तिच्यातूनच जात असल्याने उन्हाळ्यात विजेवरील पल्ला आखूड होतो. २०१६ साली शिवाजी नगर व तुळशी नगर पाडून तेथे स्मार्ट सिटी उभारण्याची योजना होती. रहिवाशांनी झाडांसाठी केलेल्या विरोधामुळे ती तात्या टोपे नगरकडे वळविण्यात आली. त्यामुळे वाचलेल्या सावलीचा असाही एक उपयोग होऊ शकेल.

पेट्रोल दुसऱ्याच्या पैशाचे असेल तर

युरोपात या मोटारी लाखोंनी चालतात. तेथील अनुभव उद्बोधक आहे. आयसीसीटी व फ्राउनहोफर या संस्थांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अधिकृत चाचणीत लिटरला साठ किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या या मोटारी खाजगी मालकांकडे प्रत्यक्षात २३ ते २५ किलोमीटर चालतात. कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या मोटारी केवळ १२ ते १३ किलोमीटर चालतात. खाजगी मालकांचा जवळजवळ निम्मा प्रवास विजेवर होतो, तर कंपनीच्या मोटारींचा ११ ते १५ टक्केच. कारण उघड आहे. पेट्रोलचे बिल कंपनी देते आणि घरच्या विजेचे बिल कर्मचाऱ्याला स्वतः भरावे लागते. मग प्लग लावण्याची तसदी कोण घेईल? युरोपीय आयोगानेही २०२४ साली मोटारींमधूनच मिळालेल्या नोंदींच्या आधारे असे दाखविले की, या मोटारींचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन चाचणीतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट असते.

कार्यालयासाठी अशा मोटारीचा विचार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. कार्यालयाच्या आवारात प्लग व स्वतंत्र मीटर नसेल, तर मोटार चालक जेथे मुक्कामी नेईल तेथील वीज कोणी द्यावयाची, हे आधीच ठरवावे लागेल. वाहनाच्या लॉगबुकात सध्या किलोमीटर व लिटर यांचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी घेतलेल्या युनिटांचा एक रकाना आखला आणि दर महिन्याला त्याची बेरीज केली, तर मोटार विजेवर किती चालली व पेट्रोलवर किती, हे पहिल्या तीन महिन्यांतच कागदावर दिसू लागेल.