धूर कुठे जाईल, हे आधी सांगणारं काम

मायनिंगचं नाव काढलं की सातारा-सांगलीकडच्या घरांत पहिला प्रश्न येतो, ‘पोराला खाणीत घालायचं का?’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कोळशाची खाण नाही, ओळखीतलं कुणी त्या कामावर नाही, आणि कानावर येतात त्या अपघाताच्याच बातम्या. पण हे अपघात होऊ नयेत, झाले तर माणसं वाचावीत, यासाठी काम करणारे इंजिनिअर असतात. भूमिगत खाणीत हवा कशी खेळते याचं मॉडेल ते संगणकावर उभं करतात आणि त्यात आग लावून बघतात.

1994 च्या जानेवारीत पश्चिम बंगालमधल्या न्यू केंदा खाणीत आग लागली आणि 55 कामगार गेले. अशा आगीत माणसं भाजण्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइडने जास्त दगावतात, आणि तीही आगीपासून बऱ्याच लांब. म्हणून धूर कोणत्या गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या भुयारी वाटेत, किती मिनिटांत पोचेल, हे कळणं जीवनमरणाचं असतं.

याचं मूळ गणित अवघड नाही. गॅलरीचा रोध गुणिले हवेच्या प्रमाणाचा वर्ग, एवढा दाब लागतो. आग लागली की मात्र हिशेब बदलतो. गुऱ्हाळावरचं चुलवाण आठवा. जळव्या चिपाडं टाकत राहतो, धुराड्यातून गरम हवा वर चढते आणि तोंडाकडून नवी हवा आपोआप आत ओढली जाते. चढाच्या गॅलरीतली आग हेच करते. खाणीत हवा खेळवणाऱ्या पंख्याला तिची साथ मिळते, पण तिने हवा जास्त ओढल्यामुळे शेजारच्या समांतर गॅलरीतला प्रवाह उलटू शकतो. हवा उताराने खाली जात असेल, तर आग पंख्याच्या विरुद्ध जोर लावते. ती वाढली की त्याच गॅलरीत हवा उलटी फिरते, आणि ताज्या हवेची म्हणून धरलेली वाट धुराने भरते. अशा वेळी पंखा चालू ठेवायचा की बंद करायचा, हे तिथे उभं राहून सुचत नाही. ते आधी तपासून ठेवलेलं असावं लागतं.

त्यासाठी ऑस्ट्रेलियातलं व्हेंटसिम हे सॉफ्टवेअर वापरतात, अमेरिकेतलं एमफायर वापरतात. पण पालकांनो, ‘सॉफ्टवेअरचा कोर्स’ म्हणून याच्या मागे लागू नका. कन्व्हेयर बेल्ट पेटला तर किती मेगावॅट उष्णता निघेल, हे आकडे माणूसच भरतो. त्याआधी वाऱ्याचा वेग मोजणारा ॲनिमोमीटर हातात घेऊन गॅलरीच्या सगळ्या छेदावर सावकाश फिरवायचा, स्वतःच्या अंगाने वारा अडणार नाही असं उभं राहायचं, आणि हवा अडवणारं दार गळतंय का तेही बघायचं. हे मोजमाप चुकलं तर पडद्यावरचा रंगीत धूर खोटा असतो.

शिक्षणाचं म्हणाल तर मायनिंगची पदवी नागपूरच्या व्हीएनआयटीत जेईई मेनवर मिळते, धनबादच्या आयआयटीत जेईई ॲडव्हान्स्डवर. खाण व्यवस्थापक व्हायचं असेल तर पुढे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र लागतं. नोकऱ्या चंद्रपूर, नागपूर, धनबादकडे. घर सोडावं लागेल, आणि या खास कामाच्या जागा मोजक्याच असतात, हेही आत्ताच मुलाशी बोलून घ्या.

घराजवळ राहून सांगलीच्या वालचंदला किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीला मेकॅनिकल, सिव्हिल करणाऱ्यांनाही हे दार बंद नाही. हेच भौतिकशास्त्र रस्त्याच्या आणि मेट्रोच्या बोगद्यांत लागतं. खंबाटकीच्या बोगद्यातून आपण किती वेळा जातो! तिथे ट्रक पेटला तर धूर कुणीकडे ढकलायचा, याचं उत्तरही गणितानेच काढायचं असतं. फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात 1999 मध्ये आगीत 39 जण गेले, त्यानंतर युरोपात बोगद्यांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. बोगद्यातल्या आगीसाठी वापरलं जाणारं एफडीएस हे अमेरिकी सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाने प्रोजेक्टसाठी ते जरूर उघडावं.

मुलींच्या पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. भूमिगत कामाला स्त्रियांना पूर्वी बंदी होती. 2019 च्या अधिसूचनेने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी सकाळी 6 ते संध्याकाळी 7 ही मुभा मिळाली. म्हणजे वायुवीजनाचं काम तिलाही खुलं आहे.

प्रवेश घेताना दोन प्रश्न विचारा. व्हेंटिलेशनची प्रयोगशाळा चालू आहे का, आणि मुलांना प्रत्यक्ष खाणीत उतरवून मोजमाप करायला लावता का? दुसऱ्याचं उत्तर नाही असेल, तर दुसरं कॉलेज बघा.