चेहऱ्यावरचा डाग आणि लेझर: कर्ज काढण्याआधी एवढं वाचा

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात मढच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्जासाठी अर्ज दिला. त्यांच्या मुलीच्या डोळ्याखाली आणि गालावर लहानपणापासून निळसर डाग आहे. "लेझर केलं की एका सिटिंगमध्ये जाईल," असं त्यांना एका पार्लरमध्ये सांगितलं होतं. अर्ज देताना ताई हळूच म्हणाल्या, "माझ्याकडूनच ग्रहण पाळायचं राहिलं."

आधी याच गोष्टीबद्दल बोलू. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाला डाग येत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एखाद्या जागी जास्त झाल्या किंवा खोल राहून गेल्या, की तिथे डाग दिसतो. यात आईची काहीच चूक नसते.

डाग कोणता आहे?

1. बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर डाग: बहुतेक वेळा वाढत्या वयात आपोआप फिका होतो. उपचार लागत नाही.

2. डोळ्याभोवती, गालावर एकाच बाजूला निळा-करडा डाग: याला 'ओटाचा नीवस' म्हणतात. ओटा या जपानी डॉक्टरांनी 1939 मध्ये त्याचं वर्णन केलं. यावर लेझर चांगलं काम करतं, पण त्याला अनेक सिटिंग लागतात आणि दोन सिटिंगमध्ये काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं अंतर ठेवतात. डोळ्याचीही तपासणी करून घ्यावी, कारण काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो.

3. चहाच्या रंगाचे डाग: लेझरनंतर परत येऊ शकतात. लहान मुलाच्या अंगावर असे सहा किंवा जास्त डाग असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

4. काळा, केसाळ किंवा मोठा तीळ: तो वाढतोय, रंग बदलतोय किंवा त्यातून रक्त येतंय का, ते बघा. तपासल्याशिवाय त्यावर लेझर मारून घेऊ नका.

5. वांग: ही जन्मखूण नाही. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे वांग येतो किंवा वाढतो. लेझरने तो उलट जास्त काळा पडू शकतो. ऊन टाळणं आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम, हा पहिला उपाय.

लेझर काय करतं?

लेझरचा प्रकाश अगदी क्षणभर पडतो. डागातला रंग तो शोषून घेतो आणि फुटून बारीक होतो. मग आपलं शरीर ते कण हळूहळू साफ करतं, म्हणून वेळ लागतो. आपल्या सावळ्या कातडीतही तोच रंग असतो. मशीन चुकीचं असलं किंवा हात शिकलेला नसला, तर भाजतं, पांढरे किंवा जास्त काळे डाग पडतात. म्हणून आधी छोट्या जागेवर चाचणी करायला सांगा.

सिटिंगच्या आधी आणि नंतरही ऊन टाळावं लागतं. बोंबील वाळत घालणाऱ्या आपल्या बायकांना हे अवघड आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुरुवात करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

कुठे जायचं?

फेरीबोटीने वर्सोवा, तिथून पुढे विलेपार्ल्याचं कूपर रुग्णालय. तिथे केसपेपर काढून त्वचा विभागात दाखवा. लेझरची सोय कुठे आहे, तेही तिथेच विचारा. खाजगीत गेलात तर डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक बघा. दुकानातून स्वतःच्या मनाने गोरेपणाचं मलम आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर कातडी पातळ होते.

त्या गटाने ताईंचं कर्ज नाकारलं नाही. आधी केसपेपर, मग डॉक्टरांनी सांगितलेला खर्च, मग कर्ज, असं ठरवलं.

बैठकीत चर्चा करा: उपचार मुलीला स्वतःला हवाय, की लोक बोलतात म्हणून आपल्याला? तिला कोणी विचारलं का?