विमा आणि शासनाचा कर

तथागतांनी सिगाल या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग आपत्काळासाठी राखावा, असा तो उपदेश आहे. विमा हा या चौथ्या भागाचाच आजचा प्रकार होय. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी मांडली होती.

नोकरीबरोबर मिळणारे विम्याचे संरक्षण नोकरीबरोबरच जाते. मोहने-आंबिवलीचा एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडल्यावर आपल्या भागातील अनेक कुटुंबांना स्वतःची सोय स्वतः पाहावी लागली. स्वतः हप्ता भरणाऱ्याला त्यात शासनाचा कर किती, हे ठाऊक असलेच पाहिजे.

विम्यावर शासन दोन प्रकारे आकारणी करते. पहिले मुद्रांक शुल्क. पॉलिसी हा एक दस्तऐवज आहे, म्हणून त्यावर मुद्रांक लागतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे त्याचा दर केंद्र ठरवते. आयुर्विम्यावर हा दर हजार रुपयांच्या विमा रकमेस २० पैसे, म्हणजे एक लाखास २० रुपये इतका अल्प आहे.

दुसरा वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी. तो १ जुलै २०१७ पासून लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे विम्यावरील स्वरूप असे आहे :

१) वैयक्तिक आयुर्विमा : कर नाही. पूर्वी बचतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी हप्त्याच्या साडेचार टक्के व पुढे सव्वादोन टक्के, तर निव्वळ मुदत विम्यावर १८ टक्के कर पडत असे.

२) वैयक्तिक आरोग्य विमा : कर नाही. संपूर्ण कुटुंबाची एकत्र पॉलिसी व ज्येष्ठ नागरिकांची पॉलिसी यातच येते.

३) गट विमा : १८ टक्के.

४) रिक्षा, मोटारसायकल, घर, दुकान यांचा विमा : १८ टक्के. मालवाहू वाहनाच्या तृतीय पक्ष विम्यावर मात्र ५ टक्के.

५) प्रधानमंत्री जीवनज्योती व सुरक्षा विमा योजना : कर नाही. वार्षिक हप्ता अनुक्रमे ४३६ व २० रुपये.

यातील तिसरा मुद्दा संस्थांनी विशेष ध्यानात घ्यावा. सभासदांसाठी गट विमा घ्यावा, असा विचार अनेक मंडळांत होतो. समजा, एका कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा मूळ हप्ता २०,००० रुपये आहे. वैयक्तिक पॉलिसीत तेवढेच भरावे लागतील, गट पॉलिसीत ३,६०० रुपये कर वाढून २३,६०० होतील. अर्थात गट विमा मुळातच स्वस्त मिळाला किंवा जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळाले, तर कर भरूनही तो परवडू शकतो. म्हणून ठराव करण्यापूर्वी दोन्हींचे दरपत्रक करासह मागवून तुलना करावी.

आणखी एक दक्षता घ्यावी. नूतनीकरणाच्या वेळी गेल्या वर्षीची पावती शेजारी ठेवून मूळ हप्ता व कर हे दोन आकडे वेगवेगळे पाहावेत. कर गेला, पण मूळ हप्ता तितकाच वाढला असेल, तर विमा प्रतिनिधीला कारण विचारावे. विद्यार्थ्यांनी हे काम आपल्या घरच्या पावतीपासूनच सुरू करावे. बाबासाहेबांनी दिलेल्या शिक्षणाचा हा रोजच्या व्यवहारातील उपयोग होय.

जयभीम!