एकाच नाकपुडीची तक्रार

नाकाच्या पोकळीचा कर्करोग तसा विरळा. तरीही या अहवालात त्यास जागा देत आहोत. कारण त्याची सुरुवात सर्दीसारखी भासते आणि सर्दीसाठी रुग्णालयाची पायरी चढण्याची आपल्याकडे रीत नाही.

आम्ही जमाखर्च पाहणारे, निदान हे डॉक्टरांचे कार्य. मात्र कान-नाक-घसा विभागात आवर्जून विचारला जाणारा एक प्रश्न घरोघरी ठाऊक असावा : त्रास दोन्ही नाकपुड्यांना आहे की एकीलाच? सर्दी व ॲलर्जी सहसा दोन्ही बाजूंना असते. एकच नाकपुडी कित्येक आठवडे चोंदलेली राहणे, तिच्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, वास न येणे हे अंगावर काढू नये. गाल बधिर होणे, वरचे दात हलणे, डोळा पुढे येणे ही रोग शेजारी पसरल्याची चिन्हे असू शकतात.

सुतारकाम करणाऱ्यांनी विशेष सावध असावे. इंग्लंडमधील हाय विकम येथील फर्निचर कामगारांत हा रोग अधिक आढळतो, हे १९६० च्या दशकात ध्यानी आले. चामड्याची धूळही तशीच घातक.

दुर्बिणीने तपासणी, सीटी स्कॅन आणि तुकडा काढून परीक्षण, म्हणजेच बायॉप्सी, असा निदानाचा क्रम असतो. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ या भीतीने काही नातेवाईक रुग्णास परत नेतात. ही भीती निराधार आहे. परीक्षणाविना उपचार ठरत नाहीत. खर्चाची विवंचना असल्यास केसपेपर काढतानाच आमच्या समाजसेवा विभागास भेटावे, पैसे जुळेपर्यंत घरी थांबू नये.