शय्याव्रण आणि घरची शुश्रूषा

दीर्घकाळ अंथरुणास खिळलेलें माणूस ज्यांच्या घरीं आहे, त्यांस शय्याव्रण म्हणजे काय हें सांगावयास नको. पाठीस, माकडहाडावर, खुब्यावर किंवा टांचेस पडणारी ही जखम. 'बेडसोअर' हा शब्दहि आतां घराघरांतून रूढ झाला आहे. ज्यांच्या घरीं असा प्रसंग अद्याप आला नाहीं, त्यांच्याकरितां हा लेख विशेषेंकरून आहे; कारण ही जखम भरून येण्यास महिने लागतात, आणि ती पडूं न देण्यास लागते ती थोडी माहिती व घड्याळाकडे लक्ष.

हिचें कारण समजून घेणें कठीण नाहीं. विद्यार्थ्यांनीं आपल्या अंगठ्याचें नख दुसऱ्या हाताच्या बोटानें क्षणभर दाबून पाहावें. नखाखालचा गुलाबी रंग जाऊन तें पांढरें पडतें, व बोट उचलतांच रंग परत येतो. दाबामुळें बारीक केशवाहिन्यांतील रक्त हटलें होतें, तें पुन्हां वाहूं लागलें. आपण निजतों तेव्हां हाड व बिछाना यांच्या मध्यें सांपडलेल्या मांसाचा हाच प्रकार होतो. निरोगी मनुष्यास अवघडल्यासारखें वाटतें आणि झोपेंतहि तो कूस बदलतो. रात्रभरांत अनेकवार बदलतो व सकाळीं त्याला त्याची आठवणहि नसते. अर्धांगवायु झालेल्या, हाड मोडलेल्या, बेशुद्ध वा अतिशय क्षीण झालेल्या रोग्यास ही सूचना एक तर मिळत नाहीं, किंवा मिळूनहि त्यास हालतां येत नाहीं. कांहीं तास रक्तावांचून राहिलेलें मांस मरूं लागतें. हें मरण पुष्कळदां आंतून, हाडाजवळून सुरू होतें व वरची कातडी शेवटीं फुटते. म्हणूनच रुपयाएवढी दिसणारी जखम आंत वाटीएवढी पोकळ निघते.

ह्या जखमेबद्दल वैद्यकांतहि एके काळीं मोठा मतभेद होता. सोळाव्या शतकांतील फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रॉज पारे यानें एका सरदाराच्या नितंबावरील व्रणासाठीं मऊ उशी करवून तो भाग अधांतरीं राहील अशी योजना केली होती. पुढें एकोणिसाव्या शतकांत पॅरिसचे प्रख्यात डॉक्टर शार्को यांनीं असें प्रतिपादिलें कीं, मेंदूस वा मज्जारज्जूस इजा झाली म्हणजे हे व्रण त्या इजेमुळेंच उद्भवतात. तसें असेल तर शुश्रूषेनें काय होणार? वास्तविक त्यापूर्वींच ब्राउन-सेकार यांनीं मज्जारज्जु तोडलेल्या प्राण्यांवर प्रयोग करून, दाब व ओल टाळल्यास व्रण होत नाहींत असें दाखविलें होतें. आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालच्या आपल्या पुस्तकांत ह्या व्रणांचा बोल बहुतेक वेळां शुश्रूषेसच लाविला होता. ह्या वादाचा निकाल पुढें एका रुग्णालयांत लागला. १९४४ सालीं इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल येथें डॉ. लुडविग गुटमान यांच्याकडे कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग सोंपविण्यांत आला. तोंपर्यंत अशा रोग्यांपैकीं बहुतेक थोड्याच काळांत व्रण व मूत्रमार्गाचे विकार यांनीं दगावत. गुटमान यांनीं दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां, प्रत्येकाची कूस बदलण्याचा नियम घातला. रोगी जगूं लागले. इतके कीं २९ जुलै १९४८ रोजीं त्याच रुग्णालयाच्या आवारांत चाकांच्या खुर्चींत बसून धनुर्विद्येचे सामने झाले, व त्यांतूनच पुढें पॅरालिंपिक स्पर्धा निघाल्या. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झालेले आपले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें, तें ह्याच स्पर्धांत.

आतां घराकडे वळूं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत आजीबाई न्हाणीघरांत पडून त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. घर मोठें, माणसें प्रेमळ. औषध एकदांहि चुकलें नाहीं, समाचारास येणाऱ्यांची रीघ लागलेली. आजींची बाज दारासमोर होती, आणि आल्यागेल्याशीं बोलतां यावें म्हणून त्या दिवसभर तक्क्यास टेकून असत. रात्रीं कोणी कूस बदलावयास उठलें कीं दुसरें हळूच म्हणे, "राहूं द्या, आतांच डोळा लागला आहे." वडीलधाऱ्या बाईचें अंग उघडें करून पाहणें मुलांस व सुनांस संकोचाचें, त्यामुळें पाठीकडे दोन आठवडे कोणाची नजर गेली नाहीं. चादरीवर डाग दिसला तेव्हां माकडहाडावर काळी खपली धरलेली होती. ती जखम भरून येण्यास सात महिने लागले. त्या घरांत माया उणी होती असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं; तो संकोच व तें "राहूं द्या", ह्या दोहोंनीं घात केला.

कूस बदलण्याचा सर्वसाधारण नियम दिवसरात्र दर दोन तासांचा आहे. गादी चांगली व कातडी निर्दोष असल्यास हें अंतर वाढवितां येतें, पण तें डॉक्टरांनीं वा परिचारिकेनें ठरवावें. हाड मोडलेल्या किंवा कण्यास इजा झालेल्या रोग्यास कसें वळवावें हेंहि प्रथम त्यांच्याकडूनच शिकून घ्यावें. शाळेच्या वेळापत्रकासारखा एक कागद भिंतीवर लावावा : सहा वाजतां डावी कूस, आठ वाजतां पाठ, दहा वाजतां उजवी कूस, आणि पुढें ज्याची पाळी त्याचें नांव. कागद आंखणें, खुणा करणें व मोठ्यांस वेळेची आठवण देणें हें काम सातवी-आठवीच्या मुलामुलींस चांगलें साधतें. कुशीवर वळवितांना रोग्यास पुरता आडवा करूं नये, कारण मग सारा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागें उशी देऊन तो सुमारें ३० अंश कललेला राहील असें करावें. दोन्ही गुडघ्यांमध्यें एक उशी असावी. पोटऱ्यांखालीं लांब उशी अशी घालावी कीं टांचा अधांतरीं राहतील. टांचेखालून हाताचा तळवा सहज सरकला म्हणजे उशी बरोबर बसली असें समजावें.

दाबाहून कमी ध्यानांत येणारी दुसरी गोष्ट म्हणजे घसरण. तक्क्यास टेकलेला रोगी हळूहळू पायांकडे घसरतो. त्या वेळीं कातडी चादरीस चिकटून राहते व आंतलें हाड खालीं जातें, आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणून पिळल्या जातात. यास्तव जेवणाची वेळ सोडून डोक्याकडील बाजू ३० अंशांहून अधिक उंच ठेवूं नये. जेवतांना मात्र बसवावेंच, नाहीं तर ठसका लागण्याचें भय असतें. रोग्यास वर सरकवितांना काखेंत हात घालून ओढणें हा आपल्याकडील सार्वत्रिक प्रघात आहे, आणि तो वाईट आहे. कमरेखालीं दुहेरी घडीची चादर कायम असूं द्यावी. दोघांनीं दोन बाजूंनीं ती धरून, एकदम उचलून, मग सरकवावें. शुभवर्तमानांतील पक्षघाती मनुष्यास चौघांनीं बाजेसकट उचलून आणिलें होतें; आपणांस दोघे मिळाले तरी पुरे. खुर्चींत बसणाऱ्या रोग्यानेंहि दर पंधरा-वीस मिनिटांनीं अंग थोडें उचलावें किंवा एका बाजूस कलावें. बसून व्रण होत नाहींत हा समज चुकीचा आहे.

दिवसांतून दोनदां, अंग पुसतांना, उजेडांत सर्व हाडाळ जागा पाहाव्या : डोक्याची मागची बाजू, कान, खवाटे, कोंपरें, माकडहाड, खुबे, घोटे, टांचा. पुस्तकांत पहिली खूण लालीची सांगतात; ती लाली बोटानें दाबूनहि पांढरी पडत नसेल तर धोका सुरू झाला. परंतु आमच्यासारख्या सांवळ्या कातडीवर लाली दिसतेच असें नाहीं. आजूबाजूच्याहून अधिक काळसर वा जांभळट डाग, हातास लागणारी ऊब, कठीणपणा किंवा उलट भुसभुशीतपणा ह्या खुणा पाहाव्या. अशी जागा दिसली कीं तिच्यावर पुन्हां भार पडूं देऊं नये, व ती चोळूं नये. पूर्वीं रुग्णालयांतूनसुद्धां अशा जागा स्पिरिटनें चोळीत व वर पावडर लावीत; त्यानें कातडी शुष्क होते, खालचे नाजूक तंतु तुटतात आणि पावडरीचे गोळे घामांत रुततात, असें आतां कळून आलें आहे. मधें भोंक असलेली रबरी हवेची कडी अजूनहि पुष्कळ लोक विकत घेतात. तिच्या कडेचा दाब भोंवतालचें रक्त अडवितो. ती न वापरणेंच बरें. हवेची विजेवर चालणारी गादी मात्र उपयोगी आहे, पण तिच्यावर दोन गोधड्या अंथरल्या तर तिचा गुण नाहींसा होतो, आणि ती आणली म्हणून कूस बदलणें सुटत नाहीं.

ओल हा तिसरा शत्रु. मलमूत्र होतांच कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुवावें, मऊ कापडानें टिपून कोरडें करावें, घासूं नये. मग व्हॅसलिन वा जस्ताचें मलम पातळ लावावें. मेणकापड उघड्या अंगास लागूं देऊं नये.

आहाराविषयीं थोडेंच सांगतों. नवें मांस घडविण्यास प्रथिनें लागतात. पेज व साबुदाणा यांवर ठेवलेल्या रोग्याची जखम भरत नाहीं. वरण, दूध, दहीं, अंडें, मासे, शिजविलेल्या डाळी, जें रुचेल व पचेल तें थोडें थोडें द्यावें. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असल्यास डॉक्टरांस विचारावें.

जखम झालीच तर ती उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत ९ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्यानें धुवावी. हळद, राख, कॉफीची पूड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकीं कांहींहि आंत घालूं नये. उघडी ठेवून वाळविल्यानें जखम लवकर भरते असें पुष्कळांस वाटतें. खरें पाहतां ती किंचित् ओलसर व झांकलेली असतां चांगली भरते. काळी खपली, दुर्गंध, पू, ताप, भोंवताली पसरणारी लाली, किंवा तळाशीं चरबी वा हाड दिसणें, यांपैकीं एकहि खूण असतां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. पट्टी बदलतांना वेदना होत असल्यास आधीं अर्धा तास द्यावयाचें वेदनाशामक औषध त्यांजकडून मागून घ्यावें.

एक गोष्ट मात्र येथें सांगितलीच पाहिजे. रोगी अखेरच्या दिवसांत असतां रक्ताभिसरणच मंद झालेलें असतें, आणि अशा वेळीं उत्तम शुश्रूषा होऊनहि व्रण पडूं शकतो. त्याबद्दल घरच्यांनीं स्वतःस दोष लावून घेऊं नये. अशा रोग्यास दर दोन तासांनीं हलविण्याचा हट्टहि धरूं नये. हालविल्यानें त्यास यातना होत असतील तर ज्या कुशीवर त्यास बरें वाटतें त्या कुशीवर असूं द्यावें, ओठ ओले करावे, आणि उशी त्याच्या सांगण्याप्रमाणें ठेवावी.