बारावीनंतरचं ते एक वर्ष

सदाशिव पेठ, पुणे

चि. सोनू,


दादाचा फोन आला होता. तू जर्मनीत स्टुडिएनकोलेगला जायचं म्हणतोयस. त्याचं म्हणणं, चांगल्या मार्कांनी बारावी झालेल्या मुलाने पुन्हा तेच फिजिक्स, तेच इंटिग्रेशन करत वर्ष का घालवायचं? शेवटी म्हणाला, ‘जन्मभर गणित शिकवलंस, आता भाच्याला तूच सांग.’ सांगते. पण त्याला हवं तेच सांगेन असं नाही.

आधी नियम समजून घे, कारण एजंट तो सोयीपुरताच सांगतात. आपली बारावी तिथली विद्यापीठं त्यांच्या आबिटुअरच्या बरोबरीची धरत नाहीत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असलास तर थेट इंजिनिअरिंगला अर्ज करता येतो. ते तुझं राहिलं. दुसरा रस्ता म्हणजे इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजात डिग्रीचं एक वर्ष नीट पास व्हायचं आणि त्याच शाखेला तिकडे अर्ज करायचा. तिसरा तुझा: दोन सेमिस्टरचं स्टुडिएनकोलेग. इंजिनिअरिंगवाल्यांना त्यात टी-कुर्स असतो, म्हणजे गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीसारखे विषय आणि रोजचं जर्मन. शेवटी पात्रता ठरवणारी परीक्षा. ती नापास झालास तर पुन्हा एकदाच देता येते. आपल्यासारखं केटीवर केटी चालत नाही.

इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या त्या मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. होऊन. डिग्री हातात असलेल्याला हे वर्ष लागत नाही. तू अठराव्या वर्षी निघालायस, म्हणून लागतंय. त्यात कमीपणा काही नाही.

दादाला दुसरा रस्ता पसंत आहे. पुण्यात एफई, म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, कर, मग जा. पण वर्ष तर त्यातही जातंच! त्या वर्षात तू एम-वन, एम-टू करशील, ग्राफिक्सच्या शीट काढशील, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवशील, हे सगळं इंग्रजीत. जर्मन उरेल संध्याकाळच्या क्लासपुरतं. मग एकदम जर्मन लेक्चर हॉलमध्ये जाऊन बसशील आणि प्राध्यापक फळा पुसेपर्यंत अर्धं वाक्य हाती लागेल. वर्ष जायचंच असेल तर ते ज्या गोष्टीत तू कच्चा आहेस तिच्यावर जावं, एवढंच माझं म्हणणं.

हे मी ऐकीव सांगत नाही. आपलं शहर परदेशी मुलांना नवं नाही. शां. ब. मुजुमदारांनी 1971 साली सिम्बायोसिस काढलं तेच मुळी अशा मुलांना इथे आपलं वाटावं म्हणून. माझ्याही वर्गात आफ्रिकेतली, येमेनची, अफगाणिस्तानची मुलं असत. त्यांच्यासाठी मधलं वर्ष नव्हतं. विमानातून उतरून पोलिसांकडे नोंदणी करायची आणि थेट एम-वनच्या वर्गात. येमेनचा एक मुलगा समोर बसवलं की मॅट्रिक्स पटापट सोडवायचा आणि पेपरात कोरा. शेवटी लक्षात आलं की ‘hence’ हा शब्द आला की आधीच्या उत्तरावरून पुढे जायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गणित येत होतं, प्रश्न येत नव्हता. त्याला वायडी लागलं. म्हणजे ते वर्ष त्याचं गेलंच, फक्त नापासाचा शिक्का मारून गेलं. जर्मन लोक तेच वर्ष आधी देतात, शिक्का न मारता. मला हे शहाणपणाचं वाटतं.

आता तुझ्या कच्चेपणाकडे. तू सीईटीची तयारी केलीस, 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न. चारांपैकी दोन पर्याय आधी उडवायचे, उरलेल्या दोनांत किंमत घालून बघायची. क्लासने तुला यात तरबेज केलंय, त्यात वाद नाही. पण तिथे पर्याय नसतात. ओळीखाली ओळ मांडणी मागतात, आणि तोंडी परीक्षेत ‘ही पायरी का?’ असं विचारलं की उत्तर जर्मनमध्ये द्यावं लागतं. म्हणून आजपासून एक कर. बालभारतीचं बारावीचं पुस्तक काढ, रोज एक गणित पूर्ण वाक्यांत सोडव आणि मग तेच मोठ्याने जर्मनमध्ये म्हण. घरचे हसतील, हसू देत. दशांशचिन्हाच्या जागी तिथे स्वल्पविराम देतात, भागाकाराला विसर्गासारखी दोन टिंबं. अशा बारीक गोष्टींत पहिला आठवडा जातो, तो इथेच घालव.

भाषेचं: बऱ्याच ठिकाणी कोलेगच्या प्रवेशपरीक्षेला बी-वन पुरतं असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नकोस, बी-टू करूनच जा. प्रवेशपरीक्षेत जर्मन असतंच, टी-कुर्सला बहुतेक ठिकाणी गणितही, आणि जागा थोड्या. बोट क्लब रोडचं माक्स म्युलर भवन किंवा फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, कुठेही जा. तीन महिन्यांत बी-टू करून देतो म्हणणाऱ्याच्या पायरीवर उभासुद्धा राहू नकोस.

पैशांचं दादाला नीट सांग. सरकारी कोलेगला शिकवणी फी नसते, सेमिस्टरचं किरकोळ शुल्क असतं. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला 992 मिळतात. ते तुझ्याच खाण्याराहण्याचे, पण आधी उभे करावे लागतात. खासगी कोलेगची फी वेगळी आणि भरभक्कम. तिथे पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचार: शेवटची परीक्षा तुम्ही घेता की मुलांना दुसरीकडे बसवता? आणि तिचं प्रमाणपत्र सगळ्या जर्मनीत चालतं की एकाच राज्यात? उत्तर गुळमुळीत आलं की उठायचं. कागदपत्रांत एपीएसचा, म्हणजे मार्कशीट तपासून घेतल्याचा, दाखला धर, नोव्हेंबर 2022 पासून तो लागतो आणि वेळ खातो.

आणखी एक, जे तुला कुणी सांगितलं नसेल. मेकॅनिकलच्या बऱ्याच कोर्सना तिथे काही आठवडे शॉपफ्लोअरवर काम केल्याचा दाखला मागतात. तुझ्या मामाच्या ओळखीने भोसरीत एखाद्या वर्कशॉपमध्ये उभा राहा. लेथ, मिलिंग, फायलिंग, हाताला तेल लागू दे. इथला दाखला चालेल का ते ज्या विद्यापीठात जायचं त्याला लिहून विचार. नाही चालला तरी व्हर्नियर धरायला शिकशील. आमच्याकडे टीईपर्यंत पोचलेल्यांनाही तो धड वाचता येत नसे.

मार्कांची उतरंड तिथे उलटी असते. 1 म्हणजे उत्तम, 4 म्हणजे काठावर पास. पुढचा प्रवेश बहुतेक ठिकाणी तुझी बारावी आणि ही शेवटची परीक्षा यांच्या सरासरीवर ठरतो, तेव्हा ‘पास झालं की झालं’ हे पुणेरी एफईचं धोरण तिथे नेऊ नकोस.

आणि हो, कॅप राउंडमधून नाव काढू नकोस. प्रवेशपरीक्षेत नंबर नाही लागला तर दादाचा रस्ता आहेच, आणि तो वाईट नाही. फक्त मग एफईसोबत जर्मनही तितक्याच जोराने करावं लागेल. दादाला हे पत्र वाचून दाखव, पैशांचा भाग वगळू नकोस. त्या खासगी कोलेगचं माहितीपत्रक एजंटने दिलंय म्हणालास ना, ते सही करण्याआधी मला पाठव.

तुझी,
आत्या