जगाच्या पानावरचं इंग्रजी

चि. सोनू हिस,


तुझा मेसेज वाचला. पाच हजार इंग्रजी शब्दांचं पुस्तक आणलंस, रोज पन्नास पाठ करतेस आणि आठवड्याभरात पहिले पन्नास साफ विसरतेस, अशी तक्रार आहे. विसरशीलच. ज्या शब्दाला माणूस, गाव, भांडण काहीच चिकटलेलं नाही, तो डोक्यात राहील कशाला? पुस्तक दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाक आणि पेपरातलं आंतरराष्ट्रीय पान वाचायला घे. मुख्य परीक्षेला आंतरराष्ट्रीय घडामोडींचा विषय तुला आहेच, म्हणजे एका कष्टात दोन कामं होतील.

इंग्रजी बातम्यांच्या तारांचं मराठी करण्यात माझी उभी हयात गेली, म्हणून हे ठामपणे सांगतो. क्रिकेटच्या बातमीत एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर कुणाचं काही बिघडत नाही. दोन देशांच्या भांडणात मात्र प्रत्येक क्रियापद आधी चार जणांनी तोलून पाहिलेलं असतं. लग्नाच्या बैठकीत ‘मुलीला साजेसं करा’ एवढं म्हणून काय काय मागितलं जातं, हे तू घरात पाहिलंयस. मुत्सद्द्यांची भाषा त्याच जातीची.

युक्रेनचंच बघ. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य आत घुसलं आणि दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेत ठराव मतदानाला आला. मसुद्यात आधी ‘कंडेम’ होतं, मतदानापर्यंत त्याचं ‘डिप्लोर’ झालं. कोशात हे दोन शब्द जवळपास सख्खे भाऊ. पण कंडेम म्हणजे बोट रोखून दोषी ठरवणं आणि डिप्लोर म्हणजे झालं ते फार वाईट झालं असं म्हणणं. मऊ शब्द घातला की कुंपणावरचे देश निदान विरोधात जात नाहीत, हा त्यामागचा हिशेब. ठरावाला ११ मतं पडली, रशियाने नकाराधिकार वापरला, आणि चीन, संयुक्त अरब अमिराती व भारत यांनी ‘अ‍ॅब्स्टेन’ केलं. हा शब्द आता तुला पाठ करावा लागणार नाही.

त्या दिवशी तटस्थ का राहिलो, हे सांगणारं भारताचं निवेदन शोधून काढ. पानभरसुद्धा नाही. संयुक्त राष्ट्रांतले आपले तेव्हाचे प्रतिनिधी टी. एस. तिरुमूर्ती यांनी ते केलं. सुरुवातीलाच ‘डीपली डिस्टर्ब्ड’ येतं, आणि पुढे एक वाक्य आहे : ‘इट इज अ मॅटर ऑफ रिग्रेट दॅट द पाथ ऑफ डिप्लोमसी वॉज गिव्हन अप.’ वाटाघाटीची वाट सोडली गेली याचा खेद आहे. पण सोडली कुणी? सगळं निवेदन वाचून काढ, रशियाचं नाव सापडणार नाही. शाळेत ‘चेंज द व्हॉइस’ची वाक्यं सोडवताना तुम्ही पोरं कंटाळून जायचात, उंदराला मांजराने मारलं काय आणि मांजराकडून उंदीर मारला गेला काय, फरक काय पडतो? फरक हा असा पडतो. इथे मांजर वाक्यातून पार नाहीसं केलं आहे आणि तेही पूर्ण शुद्ध व्याकरणात. यापुढे बातमीत कर्मणी प्रयोग दिसला की थांब आणि कर्ता कुठे गेला ते विचार.

तुझं ‘अ’ आणि ‘द’ कायम चुकतं. आपल्या भाषेत ती सोयच नाही, त्यामुळे आपल्याकडे भल्याभल्यांचं चुकतं. त्यासाठी एक ठराव सांगतो. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने सिनाई, गाझा, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गोलान टेकड्या घेतल्या. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ एकमताने मंजूर केला. मसुदा ब्रिटनचे लॉर्ड कॅराडन यांनी मांडलेला. या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने मागे जावं, असं त्यात आहे. पण इंग्रजीत ‘फ्रॉम टेरिटरीज’ आहे, ‘फ्रॉम द टेरिटरीज’ नाही. इस्रायल म्हणतं, सगळ्या प्रदेशांतून असं कुठे लिहिलंय? अरब देश म्हणतात, युद्धाने जमीन मिळवणं मान्य नाही हे त्याच ठरावात वर लिहिलंय, तेव्हा सगळ्याच प्रदेशांतून. त्यात ठरावाची फ्रेंच प्रत अशी की ती वाचली तर ‘द’ असल्यासारखाच अर्थ निघतो. वकील, प्राध्यापक, राजदूत अर्ध्या शतकाहून जास्त काळ त्या तीन अक्षरांवर भांडताहेत. मसुदा मुद्दाम मोघम ठेवला म्हणून एकमत झालं, असं माझं मत आहे. तू मात्र पेपर लिहिताना इतकी मोघम राहू नकोस, मार्क जातील.

बारीकसारीक गमती वाटेत भेटतीलच. बँकेत कर्ज ‘सँक्शन’ झालं की आपण पेढे वाटतो, आणि अमेरिकेने इराणवर ‘सँक्शन्स’ लावले की तिथला तेलाचा धंदा अडतो. ‘क्वारंटाइन’ करोनाने घराघरांत पोचवला. पण ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाभोवती नौदल उभं केलं तेव्हा हाच शब्द वापरला होता, कारण ‘ब्लॉकेड’ म्हटलं की आंतरराष्ट्रीय कायद्याने ती युद्धाची कृती ठरते.

अगदी आपल्या दारातलं उदाहरण भारत-पाकिस्तान लढाईतलं, १० मे २०२५ चं. ट्रम्प यांनी ‘फुल अँड इमिजिएट सीझफायर’ जाहीर करून टाकलं. थोड्याच वेळात आपले परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सांगितलं, की दोन्हीकडच्या डीजीएमओंचं, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांचं, बोलणं झालं असून संध्याकाळी पाचपासून जमीन, हवा आणि समुद्रावरचा गोळीबार व लष्करी कारवाई थांबेल. सीझफायर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. सीझफायर म्हटलं की तो घडवला कुणी, हा प्रश्न मागोमाग येतो. आणि १९७२ च्या सिमला करारापासून आपलं म्हणणं आहे, की दोघांचं दोघांत मिटवू. याच कुळातला ‘आर्मिस्टिस’ जुलै १९५३ मध्ये कोरियात झाला. लढाई थांबली, शांततेचा तह मात्र अजून झालेला नाही.

एक काळजी घे. हे इंग्रजी वाचायला शिक, बोलायला नको. मैत्रिणीशी वाजलं तर ‘वुई हॅड अ फ्रँक अँड कॅन्डिड एक्स्चेंज’ म्हणू नकोस, हसं होईल. आणि त्यातले काही शब्द मला मनापासून आवडत नाहीत. ‘कोलॅटरल डॅमेज’ म्हणजे बॉम्ब पडून मेलेली बायामुलं, हे तोंडाने एकदा मराठीत म्हणून बघ. तो शब्द तुला यायला हवा, पण सहज तुझ्या लेखणीतून उतरला तर मला वाईट वाटेल.

प्रकरण आधी मराठीत समजून घ्यायला लाजू नकोस. चीनवर अरुण साधूंचं ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ आपल्या कपाटात आहे, सोव्हिएत रशियावर गोविंद तळवलकरांनी भरपूर लिहिलंय. विषय डोक्यात असला की अनोळखी इंग्रजी शब्दाचा अर्थ निम्मा तरी आपोआप लागतो. कोश नंतर उघड.

महिनाभर एकच प्रकरण धर, रोज नवं नको. वहीत नुसता शब्द आणि त्यापुढे अर्थ लिहायचा नाही. मूळ वाक्य, ते कोण कुणाबद्दल बोललं आणि तारीख, एवढं उतरव. कॅराडनच्या ठरावापासून सुरुवात कर, तो अगदी छोटा आहे. पहिली दहा वाक्यं झाली की फोटो काढून पाठव. मी तपासून देतो.

तुझा,
मामा